चियांग माईला निघालात? आधी हे वाचा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं थंडीत दोनेक महिने मी चियांग माईत राहून काम करते, त्यामुळे नात्यातलं, सोसायटीतलं, ऑफिसातलं कोणी ना कोणी तिकडे निघालं की माझ्याकडे प्रश्न येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. हॉटेल कुठलं घ्यावं, फोटो कुठे काढावेत हे यात नाही, ते कुठेही सापडतं. तिथे वागायचं कसं आणि अडचणीत यायचं नाही कसं, एवढंच आहे.

चियांग माई म्हणजे पट्टायासारखंच का?

नाही हो, अजिबात नाही. हे थायलंडच्या उत्तरेचं, डोंगरांनी वेढलेलं जुनं शहर आहे. १२९६ साली राजा मंगराईने लान्ना राज्याची राजधानी म्हणून वसवलं. जुन्या गावाभोवती चौकोनी खंदक अजून पाण्याने भरलेला आहे आणि आतमध्ये दर दोन गल्ल्यांनी एक देऊळ. समुद्र नाही. बँकॉकहून विमानाने सव्वा तास, नाहीतर रात्रीची स्लीपर ट्रेन, बारा-तेरा तास लागतात पण आईबाबांना फार आवडते. एक मात्र डोक्यात ठेवूनच निघा, की इथले लोक साधी, देवधर्म करणारी, हळू बोलणारी आहेत, आणि 'थायलंड म्हणजे मजा मारायची जागा' हे मनात घेऊन आलेला माणूस त्यांना लगेच ओळखू येतो.

कागदपत्रं काय लागतात?

व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे मैत्रिणीच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका, तिकीट काढायच्या आधी थाई एम्बसीची साइट बघा. दुसरं म्हणजे १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन. ते फुकट आहे! त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती खरी नाही, बंद करा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा, विचारलं की लगेच दाखवता येतं.

नमस्कार कसा करायचा? आपल्यासारखाच ना?

दिसायला आपल्यासारखाच, त्याला 'वाय' म्हणतात. पण त्यात मान आहे. समोरचा जितका मोठा तितके हात वर आणि मान खाली, भिक्खूंना सगळ्यात वरचा. लहान मुलांना, वेटरला, दुकानातल्या मुलीला आपण स्वतःहून वाय करत नाही. त्यांनी केला तर हसून मान हलवली तरी पुरते. तोंडाने बायकांनी 'सावातदी खा' आणि पुरुषांनी 'सावातदी ख्राप' म्हणायचं, यातला सावातदी हा आपल्या 'स्वस्ति'वरूनच आलाय. आभार मानताना 'खॉप खुन खा' किंवा 'ख्राप'. एवढं आलं तरी समोरच्याचा चेहरा खुलतो, खरंच सांगते.

डोकं आणि पाय याबद्दल एवढं काय सांगतात सगळे?

कारण तिथे ते फार मनापासून पाळतात. डोकं सगळ्यात पवित्र, पाऊल सगळ्यात खालचं. आपल्याला कोणाचंही गोंडस पोर दिसलं की डोक्यावरून हात फिरवायची सवय असते, ती तिथे आवरा. पाय टेबलावर, समोरच्या खुर्चीवर ठेवायचा नाही, पायाने वस्तू सरकवायची नाही, बसताना तळवे माणसाकडे किंवा मूर्तीकडे करायचे नाहीत. आपल्या आजीने हेच शिकवलेलं असतं आणि आपलाही चुकून कोणाला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतोच ना, मग कळायला जड नाही. चपला घराबाहेर, देवळाबाहेर, पुष्कळ छोट्या दुकानांबाहेर आणि गेस्टहाउसच्या पायरीवरही काढतात. बाहेर जोडे दिसले की आपले काढायचे.

देवळात काय घालायचं, कसं वागायचं?

देवळाला थाईत 'वाट' म्हणतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाईचे आणि पुरुषाचेही, म्हणजे बर्म्युडा घातलेल्या काकांनासुद्धा लागू. मी एक सुती ओढणी कायम बॅगेत ठेवते. उंबऱ्यावर पाय न देता ओलांडून जा. मूर्तीसमोर बसायचं तर पाय मागे दुमडून. सेल्फी काढताना बुद्धाकडे पाठ करून तोंड वेंगाडू नका, हात वर करून मूर्तीला टेकल्यासारखी पोझ तर नाहीच नाही.

वाट चेदी लुआंग बघायचं चुकवू नका, प्रचंड विटांचा स्तूप आहे, १५४५ च्या भूकंपात वरचा भाग कोसळला तो तसाच आहे. त्याच आवारात तरुण भिक्खू पाहुण्यांशी इंग्रजीत गप्पा मारायला बसतात, त्यांना भाषेचा सराव होतो आणि आपल्याला काहीही विचारता येतं. आपल्याकडचे बरेच बौद्ध कुटुंबातले लोक दीक्षाभूमीबद्दल, १९५६ च्या धम्मदीक्षेबद्दल तिथे सांगतात आणि मग चांगला तासभर गप्पा रंगतात. जरूर बसा.

बायकांसाठी वेगळे नियम आहेत का?

थोडे आहेत. भिक्खूंना बाईने स्पर्श करायचा नाही, हातातून हातात वस्तू द्यायची नाही. दान द्यायचं तर समोर खाली ठेवा किंवा बरोबरच्या पुरुषाकडे द्या. लाल शेअर गाडीत (तिच्याबद्दल पुढे लिहिलंय) किंवा बसमध्ये भिक्खूंच्या शेजारी बसू नका. चेदी लुआंगच्या आवारात शहराच्या ग्रामदेवतेसारखा एक स्तंभ आहे, त्याच्या मंडपात बायकांना जाऊ देत नाहीत. मला स्वतःला हे पटत नाही. पण तिथल्या पहारेकऱ्याशी वाद घालून काही बदलणार नाही, म्हणून मी बाहेरूनच हात जोडते.

राजाबद्दल बोललं तर खरंच जेल होते?

हो. राजा, राणी, युवराज यांचा अपमान हा फौजदारी गुन्हा आहे, कलम ११२, शिक्षा ३ ते १५ वर्षं, आणि परदेशी माणसाला सूट नाही. गमतीतही नको, फेसबुकवर तर मुळीच नको. नोटेवर राजाचा फोटो असतो, त्यामुळे नोट उडायला लागली की पाय देऊन अडवायची नाही.

सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता राष्ट्रगीत लागतं. रविवारी राचादामनोएन रस्त्यावर जो मोठा बाजार भरतो तिथे सहाला जाऊन बघा, अख्खी गर्दी, म्हणजे भजी तळणारी बाईसुद्धा, आहे तिथे थांबते. आपणही थांबायचं, फोन खाली, बोलणं बंद. मिनिटभराचा प्रश्न आहे, पण त्या वेळी आपलाच ग्रुप मोठ्याने हसत चालत राहिला की मला फार लाज वाटते.

घासाघीस करावी का? आणि लोक उगाच हसत का असतात?

बाजारात थोडी करा, हसत करा. दहा-वीस बाथ (तिथलं चलन) कमी झाले तर ठीक, नाही झाले तर 'खॉप खुन' म्हणून पुढे जा. मॉलमध्ये, सेव्हन-इलेव्हनमध्ये, जेवणाच्या गाडीवर भाव ठरलेले असतात, तिथे नको. आणि भाव ठरल्यावर 'नको' म्हणून निघून जाणं फार वाईट दिसतं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तिथे आवाज चढवायचा नाही. कधीच नाही. आपल्याकडे काउंटरवर आवाज वाढवला की काम होतं असा आपला अनुभव असतो, तिथे अगदी उलट होतं, चिडलेल्या माणसाची इज्जत त्या क्षणी जाते आणि समोरचा मदत करायचं बंद करतो. बरं तो उलट बोलत नाही, तो हसतो, आणि आपल्याला वाटतं आपल्यावर हसतोय म्हणून आपण आणखी चिडतो, खरं तर ते अवघडल्याचं हसू असतं. त्यांचा शब्द आहे 'जाय येन', म्हणजे मन थंड ठेव. मी एकदा एका गेस्टहाउसमध्ये बघितलं, खोलीत एसी चालत नव्हता म्हणून आपल्याकडचे एक गृहस्थ रिसेप्शनवरच्या मुलीवर ओरडत होते आणि ती नुसती हसत 'सॉरी' म्हणत होती, अर्धा तास काही झालं नाही. मग त्यांच्या बायकोने खुर्ची ओढली, बसली, हळू आवाजात सांगितलं की लहान बाळ आहे, झोपत नाहीये. दहा मिनिटांत दुसरी खोली मिळाली. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते, बसा, हळू बोला, हसा.

आणि ग्रुपने फिरताना रेस्टॉरंटमध्ये, लिफ्टमध्ये, हॉटेलच्या पॅसेजमध्ये रात्री व्हिडिओ कॉल स्पीकरवर नको. रांग मोडू नका. बुफेतलं डब्यात भरू नका.

शहरात फिरायचं कसं?

लाल रंगाच्या गाड्या असतात, मागे दोन समोरासमोर बाक, त्यांना 'रोत दाएंग' म्हणतात. आपल्या सहा सीटरसारखंच, रस्त्यात हात करा, ड्रायव्हरला खिडकीतून ठिकाण सांगा, त्याने मान डोलावली तर मागे बसा, उतरायचं असलं की छताची बेल दाबा आणि उतरून पैसे द्या. शहरातल्या शहरात माणशी ३० बाथ ही माझ्या सवयीची रक्कम आहे. 'किती घेणार' असं आधी विचारलं की काही जण पूर्ण गाडीचा भाव सांगतात, त्यामुळे जवळच्या अंतराला मी नुसतं ठिकाण सांगते. टुकटुकचा भाव मात्र बसायच्या आधीच ठरवा. ग्रॅब आणि बोल्ट ही ॲप्स चालतात, रात्री उशिरा तीच बरी. 'आज ते देऊळ बंद आहे, मी तुम्हाला दुसरीकडे नेतो, रत्नांच्या दुकानात' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, देऊळ उघडंच असतं. हा प्रकार बँकॉकमध्ये जास्त.

स्कूटर भाड्याने घेऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मी लांबच देणार आहे, कारण सुट्टीची वाट बहुतेक वेळा इथेच लागते.

भारतातलं नुसतं लायसन्स चालत नाही. निघायच्या आधी आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, परिवहनच्या साइटवर अर्ज होतो, वर्षभर चालतं. त्यात दुचाकीचा प्रकार असायला हवा, नुसता कारचा असेल तर स्कूटरसाठी उपयोग नाही. दुकानदार काही न विचारता गाडी देईल, त्याला काय, पण खंदकाजवळ पोलिसांचं चेकिंग असतं तिथे दंड बसतो, आणि खरा धोका पुढे आहे, परमिट नसताना अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले सरळ हात वर करतात. खाजगी हॉस्पिटलचं बिल मग सगळं आपल्या खिशातून.

पासपोर्ट गहाण ठेवू नका. दुकानात ओरिजिनल मागतात, त्याऐवजी झेरॉक्स आणि रोख डिपॉझिट घेणारं दुकान शोधा, थोडं शोधलं की मिळतं. माझ्या एका मैत्रिणीने पासपोर्ट दिला होता, परत करताना जुना ओरखडा दाखवून त्यांनी बरेच पैसे मागितले आणि पासपोर्ट ड्रॉवरमध्ये, दुसऱ्या दिवशीचं विमान, काय करणार, दिले. म्हणून गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, दुकानदाराच्या समोरच काढा.

गाडी डावीकडूनच चालवतात हे आपल्या सोयीचं. पण खंदकाच्या आतला रस्ता आणि बाहेरचा रस्ता दोन्ही वन-वे आणि उलट दिशांना, त्यामुळे यू-टर्नच्या जागा आधी नकाशात बघून ठेवा. हॉर्न कोणी वाजवत नाही! पहिल्या दिवशी विचित्र वाटतं. आपण वाजवला तर शिवी दिल्यासारखं होतं. हेल्मेट दोघांनाही, मागे बसणाऱ्यालाही. दोई सुतेप डोंगराचा घाट आणि पाई या गावाकडे जाणारा रस्ता नवशिक्यासाठी नाहीच. पाईच्या रस्त्याला ७६२ वळणं आहेत असं तिथल्या टी-शर्टवरही छापलेलं असतं, व्हॅनने जा आणि उलटीची गोळी आधी घ्या. ज्यांना पुण्या-मुंबईत रोज गाडी चालवायची सवय नाही त्यांनी सुट्टीत शिकायला घेऊ नका, हात जोडून सांगते.

आम्ही शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

नाही राहणार, पण शब्द पाठ करा. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर भाजीच देतील, त्यात फिश सॉस असेल, कारण तिथे 'नाम प्ला' म्हणजे माशाचं पाणी हे मिठासारखं वापरतात, आणि मिरचीच्या वाटणात सुकट असते. 'मांगसाविरात' हा शाकाहाराचा शब्द, बघा कसा आहे, मांस आणि विरती. पण यात अंडं चालतं. सगळ्यात सुरक्षित शब्द 'जे'. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असतं, ते दिसलं की त्या दुकानात मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, आणि कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींना हे फार उपयोगाचं, फक्त बटाटा-गाजर असू शकतं ते विचारून घ्या. 'माय साय नाम प्ला' म्हणजे फिश सॉस घालू नका, 'माय साय खाय' म्हणजे अंडं नको.

खाणाऱ्यांनी खाव सोय नक्की खा, नारळाच्या दुधातला करीसारखा रस्सा, त्यात शेवया, वर कुरकुरीत शेवया, बाजूला लिंबू आणि आंबवलेली मोहरीची पानं. मी आठवड्यातून तीनदा खाते. डुक्कर म्हणजे 'मू', बीफ म्हणजे 'नुआ', कोंबडी 'काय', हे ओळखता यायला हवं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर थाईत लिहून घेऊन दाखवा, तोंडी सांगण्यावर राहू नका.

नळाचं पाणी पिऊ नका.

पैसे कसे न्यायचे?

थोडी रोकड, थोडं कार्ड. तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाथ किंवा त्याहून थोडे जास्त कापतात, त्यामुळे रोज पाचशे-पाचशे काढण्यापेक्षा एकदाच मोठी रक्कम काढा. 'रुपयांत कापू का' असं मशीनने विचारलं तर नाही म्हणा, त्यांचा रेट महाग असतो. बाजारात जो क्यूआर दिसतो तो त्यांच्या बँकांचा आहे, आपल्या यूपीआयच्या भरवशावर खिसा रिकामा ठेवू नका.

गांजा तिथे चालतो ना आता?

२०२२ मध्ये मोकळा केला होता, पण जून २०२५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचा नाही असा नियम झाला. गांजाचं पान छापलेल्या कुकीज, चॉकलेटं पोरांच्या हाती जाणार नाहीत एवढं बघा. आणि परत आणायचा विचारही नको, बँकॉकहून येणाऱ्या सामानात तो सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सारख्या येतात, आपल्याकडे एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्याखाली वर्षानुवर्षं तुरुंगात जातात. कोणी 'ही बॅग तेवढी मुंबईत द्याल का' म्हटलं तर, कितीही ओळखीचा असो, नाही म्हणा. ई-सिगारेटही तिथे बेकायदा आहे, नेऊ नका.

थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी, तिकीट आणि राहणं फुकट, अशी ऑफर आली आहे. खरी का?

जाऊ नका. पुन्हा लिहिते, जाऊ नका. टुरिस्ट व्हिसावर बोलावतात, विमानतळावरून गाडीत बसवून मे सोतच्या बाजूने सीमा ओलांडून म्यानमारला नेतात आणि तिथल्या कंपाउंडमध्ये फोन काढून घेऊन ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना तिथून परत आणलं. त्यांच्या घरच्यांचे हाल काय झाले असतील. तुमच्या गावातला, ओळखीतला मुलगा अशा ऑफरबद्दल खूश होऊन बोलताना दिसला तर त्याला बसवून हे सांगा.

कधी जावं?

नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर दरीत साचतो, समोरचा डोंगरसुद्धा दिसत नाही. दमा असलेल्यांनी, लहान मुलं असलेल्यांनी त्या दिवसांत येऊच नका, मास्क एन-९५ लागतो, साधा नाही. पावसाळ्याच्या शेवटी पिंग नदीला पूर येतो, ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठा आला होता.

कंदिलांचा सण, यी पेंग, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास येतो. पाण्यात केळीच्या सोपटाचे द्रोण सोडतात, त्यात दिवा, बघताना नदीकाठच्या आपल्या दिव्यांची आठवण येतेच. आकाशकंदील मात्र कुठेही सोडायचे नाहीत, ठरलेल्या जागा असतात, विमानांमुळे. त्या रात्रींची काही विमानं रद्द होतात तेव्हा परतीचं तिकीट त्या दिवशी ठेवू नका.

सोंगक्रान १३ ते १५ एप्रिल, संक्रांतीचाच शब्द, पाण्याचा सण. खंदकातलं पाणी स्वच्छ नसतं, डोळे सांभाळा. भिक्खू, म्हातारी माणसं, बाळं, चालती स्कूटर यांच्यावर पाणी मारायचं नाही. आणि पाण्याच्या नावाखाली कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही.

हत्तीवर बसावं का?

मी म्हणेन नको. पाठीवर खुर्ची, अंकुश, खेळ, हे असेल तिथे जाऊ नका. जिथे बसू देत नाहीत, आंघोळीची गर्दी करत नाहीत, लांबून चरताना बघू देतात अशी जागा निवडा. 'सँक्चुअरी' हा शब्द बोर्डावर कोणीही लिहितं, म्हणून फोटो आणि रिव्ह्यू नीट बघा.

मसाजला जायला संकोच वाटतो.

वाटून घेऊ नका, तिथे आजीपासून सगळे जातात. पाय धुऊन देतात, सैल कपडे देतात. शहरातल्या महिला कारागृहाच्या प्रशिक्षण केंद्रातही शिक्षा संपत आलेल्या बायका मसाज करतात, तिथे जरूर जा. दुखलं तर 'बाओ बाओ', म्हणजे हळू. पन्नास-शंभर बाथ हातात द्या. आणि पुरुषांसाठी स्पष्टच लिहिते, 'अजून काही मिळेल का' असं विचारू नका. ती बाई तिच्या कामावर आहे.

एकटी मुलगी जाऊ शकते का?

हो, मी जाते. रात्री दहाला चालत परत येते. तरी पेल्यावर लक्ष, खोलीचा नंबर मोठ्याने सांगायचा नाही, रात्री बोळातून चालण्यापेक्षा ॲपवर गाडी. त्रास झाला तर सरळ ११५५, टुरिस्ट पोलीस, इंग्रजी बोलतात. ॲम्ब्युलन्स १६६९, पोलीस १९१. चियांग माईत भारताचं वाणिज्य दूतावासही आहे, पासपोर्ट हरवला तर तिथेच जायचं. हे नंबर फोनमध्ये आणि एका कागदावर.

भटकी कुत्री आहेत. चावलं, ओरखडलं तरी पंधरा मिनिटं साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात इंजेक्शन घ्या, 'घरी गेल्यावर बघू' नको.

बुद्धाची मूर्ती आणता येईल का?

छोटं लॉकेट चालतं. मोठी मूर्ती किंवा जुनी वस्तू न्यायची तर तिथल्या ललित कला खात्याची परवानगी लागते, दुकानदार काढून देतो का ते विकत घ्यायच्या आधीच विचारा. या खात्याच्या चिन्हावर आपला गणपती आहे, थाई लोक त्याला 'फ्रा फिकानेत' म्हणतात आणि मनापासून मानतात. बुद्धाचं डोकं शोभेला म्हणून, बाथरूमच्या कट्ट्यावर ठेवायला म्हणून घेऊ नका, त्यांना ते बघवत नाही.

सासू-सासरे सत्तरीचे आहेत, त्यांना झेपेल का?

झेपेल. जुनं शहर सपाट आहे, बाक आहेत, सावली आहे. भर दुपारी फिरवू नका. दोई सुतेपचं देऊळ, १३८३ चं, डोंगरावर आहे आणि पुढून तीनशेहून जास्त पायऱ्या, दोन्ही बाजूंना नागाचा कठडा. पण गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांशेजारीच वर नेणारी ट्रॉली आहे, थोडेसे पैसे घेतात. सकाळी साडेसातच्या आत पोचवा, तेव्हा गर्दी नसते, भिक्खू झाडत असतात, आणि सोन्याच्या स्तूपाला तीन प्रदक्षिणा निवांत घालता येतात. फरशी थंडगार असते, त्यांच्यासाठी मोजे बरोबर घ्या.